जहाजाच्या यादीत ती माहेरच्या नावाने होती

माझ्या सासूबाई ८६ वर्षांच्या आहेत. जन्म न्यू जर्सीतल्या नेवार्कचा, फर्स्ट वॉर्ड नावाच्या इटालियन वस्तीतला. ती वस्ती १९५० च्या दशकात पाडली गेली, पण सेंट लूसी चर्च राहिलं आणि ऑक्टोबरात तिथे सान जेरार्दो या संताची मिरवणूक अजूनही निघते. माझी मुलं त्यांना नॉन्ना म्हणतात, म्हणजे आजी, आणि ऐकून ऐकून मीही तेच म्हणू लागले. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात कंबर धरल्यामुळे त्या घरातच होत्या. एका दुपारी म्हणाल्या, "माझ्या आजीचं लग्नाआधीचं नाव काय होतं, तेवढं मला कळायला हवं गं."

ही आजी म्हणजे त्यांच्या वडिलांची आई. १९५१ साली वारली, तेव्हा नॉन्ना तेरा वर्षांच्या होत्या. आजीचा आवाज, हातातली जपमाळ, काळी शाल, सगळं त्यांना आठवत होतं. आडनाव मात्र एकच ठाऊक होतं, आजोबांचं.

मी नाशिकची. आमच्याकडे वंशावळ म्हटली की त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या वह्या. आडनाव आणि मूळ गाव सांगायचं, गुरुजी वही काढतात आणि खापरपणजोबांचं नाव वाचून दाखवतात. इटलीतही अशी वही कुठेतरी असेलच, असं मला वाटलं आणि मी कामाला लागले. वही होती. पण तिच्यापर्यंत पोचायला चौदा महिने लागले. (घरच्यांच्या इच्छेप्रमाणे गाव आणि आडनावं लिहीत नाही.)

पहिले तीन महिने वाया गेले. घरात सगळे सांगत, "आम्ही नेपल्सचे." मी नेपल्सच्या नोंदी उपसत बसले. पुढे कळलं की दक्षिण इटलीतून अमेरिकेला निघालेली असंख्य माणसं नेपल्सच्या बंदरातून जहाजावर चढली, आणि मुलानातवंडांच्या तोंडी बंदराचंच नाव गाव म्हणून राहिलं. दुसरी ऐकीव गोष्ट अशी की एलिस आयलंडवरच्या, म्हणजे न्यू यॉर्कच्या बंदरातल्या तपासणी केंद्रावरच्या अधिकाऱ्याने आमचं आडनाव बदललं. ही गोष्ट तर जवळजवळ प्रत्येक इटालियन-अमेरिकन घरात ऐकायला मिळते, आणि ती खरी नाही. प्रवाशांची यादी जहाज कंपनीचे लोक निघायच्या बंदरातच करत, एलिस आयलंडवरचे अधिकारी तीच समोर ठेवून माणसं तपासत. आडनावं बदलली ती पुढे, शाळेत, कारखान्यात आणि माणसांच्या स्वतःच्या इच्छेने.

मग मी रीतसर सुरुवात केली, म्हणजे अमेरिकेतल्या कागदांपासून. आजोबांचे नागरिकत्वाचे कागद सापडले, १९१९ चे. त्यात बायकोचं फक्त पहिलं नाव. तिचे स्वतःचे कागद नाहीतच, कारण १९२२ च्या केबल कायद्याआधी नवरा नागरिक झाला की बायको आपोआप नागरिक होत असे. तिला वेगळा अर्ज नाही, म्हणून वेगळी फाइल नाही. जनगणनेत ती 'पत्नी'. मृत्यूच्या दाखल्यावर तिच्या आईवडिलांच्या नावांच्या जागी 'माहीत नाही', माहिती देणारा तिचाच मुलगा. बेचाळीस वर्षं नेवार्कमध्ये राहिलेल्या बाईचं स्वतःचं आडनाव तोवर पाहिलेल्या एकाही कागदावर नव्हतं. ती १९०९ साली तीन मुलांना घेऊन आली एवढं जनगणनेवरून समजलं होतं, पण जहाजांच्या याद्यांत त्या आडनावाची तीन मुलांची आई काही सापडेना.

वाट दाखवली ती गावच्या वाचनालयात वंशावळीच्या कामाला मदत करणाऱ्या एका वयस्कर बाईंनी. त्यांनी विचारलं, "नवऱ्याच्या आडनावाने शोधताय का? इटलीत बाई लग्नानंतरही आपलंच आडनाव लावते."

मी काही क्षण गप्पच झाले. इटलीत आजही सरकारी कागदांवर बाईचं जन्माचंच आडनाव असतं, शंभर वर्षांपूर्वीही असायचं. जन्म, लग्न, मृत्यू, प्रवास, सगळीकडे तेच. आणि मी कुठून आलेली? माझ्या वडिलांच्या आईचं तर लग्नात पहिलं नावसुद्धा बदललं होतं. त्या रात्री मी नाशिकला आत्याला फोन करून विचारलं, "आजीचं माहेरचं नाव काय होतं गं?" आत्याला आजीचं माहेरचं आडनाव सांगता आलं. जन्माचं नाव तिलाही आठवेना. दोन दिवसांनी आठवून तिने फोन केला, तेव्हा मी ते वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलं.

तर आता नॉन्नांच्या आजीचं आडनाव शोधायचं होतं. नॉन्नांच्या धाकट्या आत्याचा जन्म १९११ सालचा, नेवार्कमधला. तिच्या जन्माच्या दाखल्यावर आईचं माहेरचं आडनाव होतं, पण कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलेलं. बाप्तिस्म्याच्या नोंदीत वेगळं. आणखी एका भावंडाच्या दाखल्यावर तिसरंच. तिन्ही एकाखाली एक लिहून मोठ्याने म्हणून पाहिली. मूळ शब्द 'फेर्रो'च्या, म्हणजे लोखंडाच्या जवळचा वाटला. इटलीत लोहारावरून आडनावांची मोठी रांग आहे: फेर्रारी, फेर्रेरो, फेर्रारो, फाब्री, फाब्रिस. आपल्याकडच्या लोहार, सुतार, सोनार यांच्यासारखीच. उत्तरेत आणि मध्य इटलीत शेवटी 'ई' जास्त, दक्षिणेत 'ओ', व्हेनेतोत बऱ्याचदा शेवटचा स्वर गळून 'न' उरतो, सार्डिनियात 'उ' आणि 'स'. नुसत्या शेवटावरून प्रदेशाचा अंदाज येतो. रोमानो, मेस्सीना, नापोलितानो ही गावांवरून आलेली आडनावं पाहून मला नाशिककर, पुणेकर आठवले.

सुरुवातीची चार अक्षरं घेऊन पुन्हा जहाजांच्या याद्या चाळल्या आणि चौथ्या दिवशी ती सापडली. वय २७. खाली सात, चार आणि दोन वर्षांची तीन मुलं, बापाच्या आडनावाची. आईचं आडनाव वेगळं. आजोबा १९०६ च्या शरद ऋतूत एकटे निघाले होते, म्हणजे ते दोन वर्षांचं मूल बापाने पाहिलेलंच नव्हतं. चार वर्षांचा मुलगा म्हणजे नॉन्नांचे वडील. वंशाच्या रकान्यात 'इटालियन, दक्षिण', कारण अमेरिकेचं सरकार उत्तर आणि दक्षिण इटालियनांची नोंद वेगळी ठेवत असे. १९०७ पासून या याद्यांत आणखी एक रकाना आला: मायदेशातल्या सर्वांत जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि पत्ता. तिथे लिहिलं होतं, वडील, पुढे त्यांचं नाव आणि गाव. गाव आवेल्लीनो जिल्ह्यातलं, नेपल्सच्या पूर्वेला, इर्पीनियाच्या डोंगरात. नेवार्कच्या फर्स्ट वॉर्डात त्याच भागातली कितीतरी घरं होती.

इर्पीनियाचं नाव वाचून पोटात गोळा आला. २३ नोव्हेंबर १९८० च्या भूकंपात या भागातली गावंच्या गावं कोसळली, जवळपास तीन हजार माणसं गेली. जुन्या नोंदी राहिल्या असतील का? राहिल्या होत्या, आणि त्याचं कारण जुन्या शिस्तीत आहे. नेपल्सच्या राज्यात १८०९ पासून, नेपोलियनच्या काळात, सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली. सिसिलीत १८२० मध्ये, एकसंध इटलीत १८६६ मध्ये. दरवर्षी नोंदवहीच्या दोन प्रती व्हायच्या, एक गावच्या नगरपालिकेत, दुसरी न्यायालयात. न्यायालयातल्या प्रती पुढे सरकारी अभिलेखागारांत गेल्या, आणि त्यांचीच चित्रं आता 'आंतेनाती' या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येतात. आंतेनाती म्हणजे पूर्वज. नाव टाकून शोधण्याची सोय थोड्याच नोंदींना आहे, बाकी पान पान उलटावं लागतं. वर्षाच्या शेवटी सूची असते, तिच्यापासून सुरुवात केली तर पुष्कळ वेळ वाचतो. काही सूच्या पहिल्या नावाप्रमाणे लावलेल्या असतात हे लक्षात यायला मला आठवडा लागला.

मला इटालियन येत नव्हतं. पण या नोंदींची भाषा ठरलेली असते, चाळीस-पन्नास शब्द आले की वाचता येतं. माझ्या वडिलांनी निवृत्तीनंतर मोडी शिकली होती, ते म्हणायचे की सुटं अक्षर ओळखायला जाऊ नकोस, वाक्य ओळख. तेच इथे कामी आलं. वर्ष आणि वय आकड्यांत नाही, अक्षरांत लिहिलेलं असतं. महिन्याच्या जागी साताचा आकडा आणि पुढे 'ब्रे' असेल तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर, म्हणजे 'सेत्तेम्ब्रे', कारण 'सेत्ते' म्हणजे सात. 'कोन्तादीनो' म्हणजे शेतकरी, 'फिलात्रीचे' म्हणजे सूत कातणारी. वडिलांच्या नावाआधी 'दी' असेल तर ते हयात, 'फू' असेल तर वारलेले, आपल्या सातबाऱ्यावर 'मयत' लिहितात तसं. मुलाच्या एका नोंदीत 'दी' आणि तीन वर्षांनंतरच्या नोंदीत 'फू' दिसलं की बाप त्या तीन वर्षांत गेला, एवढं नक्की. मग तेवढ्याच मृत्युनोंदी पाहायच्या.

इथे माझ्या हातून एक चूक झाली. १८७९ सालची जन्मनोंद मिळाली, नाव तेच, आईवडील तेच. मी आनंदाने नॉन्नांना सांगितलंसुद्धा. पण यादीतलं वय जुळत नव्हतं. १८८० च्या मृत्युनोंदी उघडल्या आणि त्याच नावाची मुलगी दिसली, वय अकरा महिने. दक्षिण इटलीत पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, पहिल्या मुलीला बापाच्या आईचं, नंतरच्या मुलांना आईकडच्या आजी-आजोबांचं, अशी रीत होती. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायचे तशीच. मूल गेलं तर तेच नाव पुढच्या मुलाला, कारण आजीचं नाव घरात राहायला हवं. आमची आजी दुसरी, १८८२ ची. तिच्या नोंदीच्या समासात १९०१ च्या लग्नाचा शेराही होता. नॉन्नांना मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं. त्या अकरा महिन्यांच्या मुलीसाठी त्यांनी रविवारी चर्चमध्ये मेणबत्ती लावली.

त्यानंतर वेग आला. नेपल्सच्या राज्यात लग्नाच्या वेळी वधूवरांना जन्माचे उतारे द्यावे लागत, वडील वारले असतील तर त्यांचा मृत्यूचा उतारा, आणि आजोबाही नसतील तर त्यांचाही. ही पुरवणी, 'आल्लेगाती', जपून ठेवलेली आहे. एका लग्नाच्या कागदांत तीन पिढ्या मिळतात. आजीच्या वडिलांकडून मी अशी १७६० च्या आसपास जन्मलेल्या माणसापर्यंत पोचले. सगळे शेतकरी. आडनाव लोहाराचं, पण लोहार एकही नाही. धंदा कधीच सुटला होता, आडनाव तेवढं राहिलं.

पण नॉन्नांना हवी होती ती बायकांची वाट. आजीची आई, तिची आई, तिची आई. ही वाट इटलीत तुटत नाही, कारण प्रत्येक नोंदीत आईचं नाव तिच्या माहेरच्या आडनावासकट असतं. आजीची आई १८५५ ची. तिची आई १८२३ ची. आणि १८२३ च्या नोंदीत आईवडिलांची नावंच नव्हती.

मूल रात्री 'रुओता'त सापडलं, असं लिहिलं होतं. रुओता म्हणजे भिंतीत बसवलेलं लाकडी फिरतं पिंप. बाहेरून मूल ठेवायचं, पिंप फिरवायचं, घंटा वाजवायची आणि कुणी चेहरा पाहायच्या आत निघून जायचं. नेपल्सच्या आन्नुन्झियाता संस्थेचा रुओता १८७५ पर्यंत चालू होता, आणि लहान गावांतही असे रुओते होते. नेपल्सकडचं एस्पोझितो हे आडनाव, म्हणजे 'उघड्यावर ठेवलेलं', त्यातूनच आलं. फ्लॉरेन्सचं इन्नोचेन्ती आणि मिलानचं कोलोंबोही अनाथालयांशी जोडलेलं. आमच्या मुलीला अधिकाऱ्याने वेगळंच आडनाव दिलं होतं, त्या गावात दुसऱ्या कुणाचंही नसलेलं. अंगावर जुन्या कापडाचे तुकडे होते, हेही लिहिलं होतं. मग तिला गावातल्या एका दाईकडे दूध पाजायला दिलं. ती जगली, लग्न झालं, सात मुलांची आई झाली, आणि ते नवीन आडनाव तिने प्रत्येक मुलाच्या नोंदीत आपल्या नावापुढे मिरवलं.

नॉन्नांनी ती नोंद माझ्याकडून तीनदा वाचून घेतली.

पुष्कळ लोक हा शोध इटलीच्या पासपोर्टसाठी घेतात. आमचा हेतू तो नव्हता, आणि मे २०२५ च्या कायद्याने ती वाट आता बहुतेकांसाठी आईवडील किंवा आजी-आजोबांपर्यंतच आणून ठेवली आहे. तरी एक गोष्ट मला लागून राहिली. नोंदींत आईचं नाव इतकं जपणाऱ्या त्या देशातही १ जानेवारी १९४८ च्या आधी जन्मलेल्या मुलांना आईकडून नागरिकत्व मिळत नसे.

शेवटचं काम उताऱ्याचं होतं. नॉन्नांना आजीच्या जन्माचा शिक्क्याचा कागद हवा होता. मी तिथल्या कचेरीला सविस्तर पत्र लिहिलं, घराण्याची सगळी हकीकत सांगितली. चार महिने उत्तर नाही. मग चार ओळींचं पत्र लिहिलं: वर्ष, नोंद क्रमांक, नाव, आईवडिलांची नावं, आणि आईबापाच्या नावांसह उतारा हवा एवढंच. नऊ दिवसांत उत्तर आलं. कुणी पत्र लिहिणार असेल तर नोंद क्रमांक आधी शोधा, हकीकत नंतर सांगा.

उतारा आला त्या आठवड्यात नॉन्ना आम्हाला घेऊन स्मशानभूमीत गेल्या. दगडावर आजोबांचं पूर्ण नाव, खाली आजीचं पहिलं नाव आणि 'पत्नी'. खाली एका ओळीची जागा आहे. तिथल्या माणसाने मोजून सांगितलं, चोवीस अक्षरं बसतील. आजीचं नाव आणि तिचं आडनाव मिळून एकोणीस होतात. अक्षरं कोरायचं काम थंडी सरल्यावर एप्रिलमध्ये होणार आहे, आणि उरलेल्या जागेत काय लिहायचं यावर नॉन्ना अजून विचार करताहेत.