शेवटचा आकडा

आज सकाळी नाशिकला शालिमारजवळ लॉटरीच्या टपरीवर एक वयस्कर गृहस्थ हातातले तिकीट पुन्हा पुन्हा निकालाशी ताडून पाहत होते. एकच आकडा चुकला होता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हरल्याची खंत नव्हे, तर जिंकता जिंकता राहिल्याची चमक होती. त्यांनी लगेच दुसरे तिकीट घेतले. नेमबाजाचा नेम थोडक्यात हुकला तर त्यातून त्याला काही कळते. सोडतीला मात्र मागचे काहीच आठवत नसते.

दुपारी निफाडला मामांकडे गेलो. त्यांनी भाव वाढेल या आशेने कांदा साठवणीच्या चाळीत ठेवला आहे, आणि मागच्या महिन्याचा भाव मिळाल्याशिवाय तो काढणार नाही, असा त्यांचा हट्ट आहे. कानमन आणि ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडले होते की, तेवढ्याच लाभाच्या आनंदापेक्षा हानीचे दुःख अधिक बोचते आणि निश्चित तोटा पत्करण्याऐवजी माणूस मोठी जोखीम घ्यायला तयार होतो. द्यूतसभेतला युधिष्ठिर याहून वेगळे काय करत होता?

हा जुगार नव्हे, असे मामांना सांगायला माझी जीभ रेटेना. तरीही मागच्या वर्षीची सड पाहून त्यांनी यंदा चाळीतला थर कमी उंचीचा ठेवला आहे, आणि खराब माल खरोखरच कमी निघाला. टपरीवर अशी सोय नसते.

संध्याकाळी सडका कांदा निवडायला मीही बसलो. अर्धे पोते भरले, तेव्हा मामांनी पुन्हा मोबाइल काढून लासलगावचा भाव पाहिला.