वळणांची किंमत

ओझरला विमान कारखाना उभा राहिला 1964 मध्ये, आणि ‘मिग’ हे नाव त्या गावाला असे चिकटले की आजही लोक ‘ओझर मिग’ असेच म्हणतात. विमान दिसावे कसे, याची आम्हा नाशिककरांची पहिली कल्पना त्यामुळे प्रवासी विमानावरून नव्हे, तर मिग-21 वरून बेतलेली असते. हे विमान देखणे आहे का, यावर दुमत होऊ शकते. त्याचे नाक म्हणजे हवा आत घेणारे उघडे तोंड. त्यात मधोमध बसवलेला शंकू वेग वाढत जाईल तसा पुढे सरकतो आणि ध्वनीहून वेगाने येणारी हवा इंजिनात शिरण्यापूर्वी मंदावतो. पंख त्रिकोणी आणि पातळ, त्यांचा एकूण विस्तार जेमतेम 7 मीटर. इंजिनाभोवती गरजेपुरता पत्रा गुंडाळावा, असा हा सगळा काटकसरीचा मामला आहे, आणि मला तो आवडतो. मात्र त्याच आखूड पंखांपायी उतरताना वेग फार ठेवावा लागे, हेही सांगायला हवे. 26 सप्टेंबर 2025 रोजी चंडीगडला वायुदलाने त्याला निरोप दिला.

जुन्या विमानांच्या सौंदर्याबद्दल बोलताना ‘जे डोळ्यांना बरे दिसते ते बरे उडते’ असे म्हणण्याची पद्धत आहे. मला ते अर्धेच पटते, कारण बरे दिसणारे विमान कारखान्यात बरे जुळतेच असे नाही. ब्रिटिश आरेखक रेजिनाल्ड मिचेल यांच्या स्पिटफायर या लढाऊ विमानाचे उदाहरण घ्या. 1936 मध्ये प्रथम उडालेल्या या विमानाचा लंबवर्तुळाकार पंख आजही नजर खिळवून ठेवतो. वेगासाठी तो पातळ हवा होता, पण बंदुका आणि आत दुमडणारी चाके सामावण्यासाठी बऱ्याच लांबीपर्यंत रुंदही हवा होता. लंबवर्तुळाने दोन्ही साधले आणि हवेचा विरोधही कमी केला. ते वळण घडवायला मात्र सरळ कडांच्या जर्मन मेसरश्मिट 109 या लढाऊ विमानाच्या मानाने कितीतरी अधिक मनुष्यतास लागत. विमान वायुदलात दाखल होण्यापूर्वीच, 1937 मध्ये, मिचेल वारले.

माझे सर्वांत लाडके विमान मात्र लॉकहीड या अमेरिकी कंपनीचे प्रवासी विमान कॉन्स्टेलेशन. 8 जून 1948 रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, ते याच जातीचे. नाकाकडे किंचित झुकलेले आणि शेपटीकडे पुन्हा वर उचललेले त्याचे धड पाण्याबाहेर झेपावणाऱ्या माशासारखे दिसते. नाक झुकवल्यामुळे पुढच्या चाकाचा दांडा फार लांब करावा लागला नाही. शेपटीवर एका उंच पात्याऐवजी तीन बुटकी पाती आली, ती विमान त्या काळच्या हँगरमध्ये मावावे म्हणून. ज्या शेपटीवर रसिक भाळतात, ती दरवाजाच्या उंचीने ठरवली! या सुरेख धडाचा हिशेब मात्र महागात पडला. त्याचा घेर जागोजागी बदलत असल्याने आतली कडी वेगवेगळ्या मापांची करावी लागत. पुढे विमान लांबवायची वेळ आली, तेव्हा मध्ये सरळ नळकांड्यांचे तुकडे घालावे लागले आणि ती मूळची लय थोडी मोडलीच. डग्लस कंपनीच्या डीसी-6 या प्रवासी विमानाचे धड सरळ नळीचे होते; दिसायला बेताचे, पण घडवायला आणि लांबवायला सोपे. पुढच्या प्रवासी विमानांनी त्याचाच कित्ता गिरवला, म्हणून आज बोइंग की एअरबस हे ओळखायला वैमानिकासमोरच्या काचांचा आकार न्याहाळावा लागतो.

अलीकडे कार्बन तंतूंमुळे वळणे पुन्हा परवडू लागली आहेत. बोइंग 787 चा पंख उड्डाणात ज्या डौलाने वर वाकतो, तो पाहून जुन्या आरेखकांनाही समाधान वाटले असते. धड मात्र अजून सरळ नळीच आहे, कारण एकाच विमानाची आखूड, मध्यम आणि लांब अशी तीन रूपे विकायची असतात.