तुम्ही विचारलंत म्हणून: बाबागाडी कोणती घ्यावी?

नारायण पेठेत आमचं सायकलचं दुकान आहे, वडिलांनी टाकलेलं. तेव्हा पुणं सायकलींचं गाव होतं आणि शटर वर जायच्या आधीच दारात चार-पाच जण पंक्चर सायकली धरून उभे असायचे. आता येतात त्या गिअरच्या सायकली, आणि गेली काही वर्षं त्यांच्या मागोमाग बाबागाड्या. चाक आहे, ब्रेक आहे, दांडा आहे, मग न्यायची कुणाकडे? सायकलवाल्याकडे. कंपनीचं सर्व्हिस सेंटर म्हणजे एक फोन नंबर असतो, आणि त्या नंबरवर फक्त गाणं वाजतं.

मी गाडी उलटी करून चाक काढायला लागलो की समोरून प्रश्न येतोच, "काका, तुम्ही एवढ्या गाड्या बघता, कोणती घ्यावी?" आजवर मी "बघा तुमच्या सोयीनं" म्हणून सुटत आलो. हे काही उत्तर नव्हे, हे मलाही कळतं. म्हणून एकदा बैजवार सांगतो.

पहिली गोष्ट, विचारतात सगळे एकच, पण प्रत्येकाला विचारायचं असतं वेगळंच. मागे बाणेरहून एक जण आले होते, बायकोला सातवा लागलेला. मोबाइलवर तक्ता: सतरा गाड्या आणि प्रत्येकीपुढे बारा रकाने. सस्पेंशन, चाकाचा व्यास, मिटल्यावरची लांबी, विमानात आत नेता येते का. म्हटलं, कुठे निघालात विमानानं? म्हणाले, "कुठे नाही, पण लागलं तर." मला हसू आलं, आणि मग जरा वाईटही वाटलं. त्यांच्या घरात सासूबाई जुन्या लुगड्याची दुपटी शिवत होत्या, आई बाळंतविड्याची यादी करत होती, बायकोच्या पोटात तर सगळं घडतच होतं. या माणसाला कुणी काही काम दिलं नव्हतं. डोहाळजेवणाला त्यांना पाटाजवळ फिरकूसुद्धा दिलं नाही म्हणे. मग ते चाकं मोजत बसले. त्यांचं बाळंतपण त्या तक्त्यात चाललं होतं.

आया मात्र तक्ता घेऊन येत नाहीत. त्यांचे प्रश्न दोनच: एका हाताने मिटते का, आणि रिक्षात मावते का. दुसऱ्या हातात कोण असतं ते सांगायला नको.

आणि आज्या. त्या विचारत नाहीत, सुनावतात. "चार पोरं कडेवर वाढवली, गाडी लागली नाही कधी." खरं आहे. पण ज्या वाड्यात ती चार पोरं वाढली, तिथे त्यांना बसायला दहा कडा होत्या: आत्याची, काकूची, समोरच्या बिऱ्हाडातल्या ताईची. वाकडच्या फ्लॅटमध्ये दोनच कडा असतात आणि त्यातली एक सकाळी साडेआठला हिंजवडीला जाते.

गाडीच्या नावानं नाक मुरडणारे तरुण आईबापही येतात. बाळ कापडात गुंडाळून छातीशी बांधलेलं. त्यांच्याशी बोलायला मला आवडतं, पण कापडाच्या विणीवर ते पाऊण तास बोलले की बाणेरच्या तक्त्याची आठवण येते.

आता यंत्राबद्दल, कारण माझा जीव तिथे अडकतो. माझ्या लहानपणी बाबागाडी बघितली ती एम्प्रेस गार्डनमध्ये. मोठ्या चाकांची, पाळण्याएवढी, आया ढकलत असलेली. ती मिटायचीच नाही. आज जी छत्रीसारखी मिटते, ती ओवेन मॅक्लारेन नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १९६५ मध्ये काढली. हा मनुष्य विमानांच्या चाकांवर काम केलेला. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाची चाकं उडाल्यावर दुमडून पंखात जायची, त्या चाकांच्या सांगाड्यावर त्याचा हात होता. आजोबा झाल्यावर लेकीची जड गाडीशी चाललेली झटापट बघून त्यानं तीच अक्कल बाबागाडीला लावली. ॲल्युमिनियमच्या नळ्या, वजन पावणेतीन किलोच्या आसपास. छत्रीची गाडी दुकानात आली की मी कामाआधी ती दोनदा मिटून उघडतो. उगाच.

त्या घडीत धोकाही आहे. बिजागरी मिटताना मध्ये बोट आलं तर कात्रीसारखं काम करते. अमेरिकेत २००९ मध्ये बोटांची टोकं तुटल्याच्या तक्रारींवरून अशा सुमारे १० लाख गाड्यांना बिजागरीवर चढवायची टोपणं द्यावी लागली होती. तेव्हा गाडी मिटताना किंवा उघडताना पोर बाजूला, कुणाच्या तरी हातात. याबाबतीत मी दुकानात चक्क ओरडतो.

चाकाचं गणित सोपं आहे. नुसतं समोरून ढकलून चाक स्वतःच्या निम्म्या उंचीपेक्षा मोठ्या पायरीवर चढत नाही. हलक्या गाडीचं पुढचं चाक पाच इंची, म्हणजे अडीच इंचांवर ती अडली. फुटपाथ जास्तीत जास्त १५ सेंटिमीटर उंच असावा असा रस्तेवाल्यांचा नियम आहे, म्हणजे नियमातल्या फुटपाथवरसुद्धा ती चढायची नाही. बारा इंची हवेचं चाक काठावर पास. बाकीच्यांनी गाडी वळवून उलटी धरावी आणि मागच्या चाकांवर ओढून घ्यावी. रस्त्याकडे पाठ होते, म्हणून आधी मागे बघून. हे कुठल्या डब्यावर लिहिलेलं नसतं, आणि पुढून धडका मारून मारून पुढचा फोर्क वाकवलेल्या गाड्या माझ्याकडे येतात.

जंगली महाराज रस्त्यावर रुंद फुटपाथ झाल्यापासून तिथे कुठलीही गाडी पळते. मेट्रोच्या लिफ्टमध्ये जाते. लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबरला महापालिका पादचारी दिन करते, २०२१ पासून; त्या दिवशी वाहनं बंद असतात आणि एरवी घरात बसलेल्या बाबागाड्या अशा बाहेर पडतात की वाटावं, गावात बारशांची साथ आली. दुसऱ्या दिवशी परत सगळ्या गायब. आमच्या पेठेत फुटपाथ म्हणजे आधी खांब, मग विजेचा डबा, मग आडवी लावलेली स्कूटर, मग झाडाचं मूळ. खांब स्कूटर चढू नयेत म्हणून लावले. स्कूटर बरोब्बर वाट काढतात. जुळ्यांची गाडी अडकते.

या गल्ल्यांतून फिरलेल्या गाडीचं चाक उघडलं की वर्षाचा हिशोब निघतो. जानेवारीत मांजा, गणपतीनंतर गुलालाचा लगदा, उन्हाळ्यात गजऱ्याचा दोरा. आणि बारा महिने केस. बाळंतिणीचे केस गळतात ते जातात कुठे, तर पुढच्या चाकाच्या एक्सलवर. ब्लेडनं कापून काढावे लागतात. चाक कुरकुरलं म्हणून लोक घरचं खोबरेल सोडतात, ते मात्र करू नका. त्याला धूळ चिकटते आणि डिसेंबरात पुण्याच्या थंडीत खोबरेल थिजतं, त्याबरोबर चाकही.

हे सगळं मी हौसेनं करतो. पण पैसे देऊन झाल्यावर समोर जे घडतं, ते बघवत नाही. साठ हजारांची गाडी मिटते, स्कूटरवर पायापाशी आडवी जाते, आणि दीड वर्षाचं पोर तिच्यावर पाय देऊन पुढे उभं राहतं. डोकं उघडं. गाडीत पाच पट्ट्यांनी आवळून बसवलेलं तेच पोर! नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर न्यायचं तर हेल्मेट, चालवणाऱ्याला जोडणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरच्या आत वेग, असा केंद्राचा नियम २०२२ मध्ये निघाला, २०२३ च्या फेब्रुवारीत लागू झाला. मी लहान मुलांची चार हेल्मेटं आणून दर्शनी ठेवली. सहा महिन्यांत एक खपलं, तेही एका आजोबांनी नेलं. तक्ते करणाऱ्या एकाच्याही तक्त्यात मी स्कूटरचा रकाना बघितलेला नाही.

आमच्या घरी काय झालं तेही सांगायला हवं, नाहीतर म्हणाल, काका दुसऱ्यांचंच सांगतात. मुलगा वाकडला असतो. सुनेला दिवस गेले तसं हिनं सांगून टाकलं, बाळ हातात येईपर्यंत घरात काही आणायचं नाही. पाळणासुद्धा बारशालाच आला. चिरंजीवांनी मात्र पाचव्या महिन्यात गाडी मागवली आणि पत्ता दिला माझ्या दुकानाचा. "बाबा, आईला कळू देऊ नका." खोकं चार महिने ट्यूबच्या गठ्ठ्यांमागे. हिला कळलं नसेल असं ज्यांना वाटतं, त्यांचं लग्न झालेलं नाही. ती दुकानात डबा द्यायला यायची, खोक्याकडे पाठ करून उभी राहायची आणि निघून जायची. नात झाली त्या संध्याकाळी मला म्हणाली, "अहो, ते मागचं उघडा आता."

गाडी मी जोडली. जड आहे, रिक्षात मावत नाही. मी असतो तर घेतली नसती. पण सून तिसऱ्या महिन्यात एकदा एकटीच नातीला घेऊन खाली सोसायटीच्या बागेत गेली, पाऊण तास बसली, आणि संध्याकाळी हिला फोन करून म्हणाली, "आई, आज मी चहा गरम प्यायले." त्यानंतर मी त्या गाडीला नावं ठेवणं बंद केलं.

तर उत्तर. दहा किलोची तांदळाची पिशवी उचला आणि तुमच्या दारापासून गेटपर्यंत, गेटपासून दोनशे पावलं रस्त्यानं चालून या. जिने किती, लिफ्ट बंद कितीदा, फुटपाथ आहे का, पिशवी किती वेळा खाली ठेवावीशी वाटली. पेठेत दुसऱ्या मजल्यावर जिन्यानं राहत असाल तर हलकी छत्रीची घ्या किंवा घेऊच नका, कापड बांधा. सोसायटीतच फिरवायची असेल तर जड चालेल. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर पाठ पूर्ण सपाट होणारीच हवी, छत्रीवाल्या बहुतेक होत नाहीत. जुनी घेतली तरी हरकत नाही, मी तर जुनीच घ्या म्हणेन. फक्त उतारावर रिकामी उभी करून ब्रेक बघा, आणि उघडल्यावर लॉक खटकन लागतं का ते दोनदा बघा. रंग कोणताही घ्या, वर्षभरात तो पुण्याच्या धुळीचाच होतो.

माझी आई सहा महिने त्या गाडीवर रुसली होती. शहाऐंशी वर्षांची आहे. "पोर म्हणजे काय भाजी आहे, गाडीत घालून फिरवायला?" काठी घ्यायलाही तयार नाही, काठी म्हणजे म्हातारपण. दिवाळीत वाकडला गेलो तेव्हा संध्याकाळी खाली बघतो, तर नात गाडीत आणि आई मागे दोन्ही हातांनी दांडा धरून चाललेली, कधी नव्हे ती ताठ. म्हटलं, आई, ढकलतेस? "ढकलतेय कुठे," म्हणाली, "धरलाय नुसता. सुटेल म्हणून."

दांडा तिला उंच पडत होता, खांदे वर येत होते. पिशवीत पाना होताच. मधली मूठ काढली, नळी दोन इंच कापली, परत बसवली. आई दोन फेऱ्या मारून आली. मुलगा वरून बघत होता. खाली येऊन गाडीभोवती एकदा फिरला आणि म्हणाला, "बाबा, वॉरंटी गेली."