स्कॅनरच्या आधीची काच

कोकण किनाऱ्यावर आषाढात हिस्टोपॅथॉलॉजीचे, म्हणजे ऊतकांचे पातळ छेद तपासून निदान करण्याचे, काम करणाऱ्याला दमट हवेची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. अ‍ॅब्सोल्यूट (म्हणजे निर्जल) अल्कोहोलच्या बरणीचे झाकण जरा सैल राहिले तरी ते हवेतले पाणी ओढून घेते. मग स्लाइडवरच्या ऊतकातले पाणी पुरते निघत नाही, त्यानंतरचे झायलीन हे द्रावक दुधट होते आणि कव्हरस्लिप चिकटवणाऱ्या डीपीएक्सखालचा छेद धुरकट दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली अशी स्लाइड मी फाइन फोकस मागेपुढे फिरवून कशीबशी वाचतो. स्लाइडची डिजिटल प्रतिमा घेणारा स्कॅनर मात्र फोकस एकदाच धरून पुढे सरकतो, आणि कव्हरस्लिपवर, म्हणजे छेदावरच्या पातळ काचेवर, धुळीचा कण असला तर कधी कधी त्यालाच ऊतक समजून बसतो.

गेल्या पावसाळ्यात स्तनाच्या एका बायोप्सीवर दुसरे मत हवे होते म्हणून आम्ही स्लाइड बाहेरून स्कॅन करून घेतली. जिथे शंका होती तोच कोपरा प्रतिमेत अस्पष्ट आला, आणि शेवटी ती काच कापसात गुंडाळून रात्रीच्या एसटीने मुंबईला पाठवावी लागली.

प्रतिमा चांगली आली तरी ती पाठवणे सोपे नसते. ४० पट स्कॅनिंगमध्ये एक पिक्सेल साधारण ०.२५ मायक्रॉनचा धरला, तर १५ मिलिमीटर लांबी-रुंदीच्या छेदाचे ३६० कोटी पिक्सेल होतात. आकुंचन करूनही अशी फाइल अनेकदा एक जीबीच्या घरात जाते, आणि वादळी पावसात आमचे इंटरनेट किती तग धरते हे इथल्या कोणालाही विचारावे. त्यात प्रत्येक कंपनीचा फाइलचा साचा निराळा. संपूर्ण स्लाइडसाठी डायकॉमचे (वैद्यकीय प्रतिमांच्या सामाईक साच्याचे) मानक २०१० मध्येच आले; रेडिऑलॉजीने डायकॉम केव्हाच अंगवळणी पाडले, आपण अजून फाइल उघडणारा व्ह्यूअर शोधत बसतो. स्कॅनर घेताना डायकॉमची अट घालणे एवढे तरी आपल्या हातात आहे.

सायटोलॉजीची, म्हणजे सुट्या पेशींच्या तपासणीची, अडचण आणखी वेगळी आहे. काचेवर पसरलेल्या स्मिअरमधल्या पेशींचे पुंजके एका पातळीत नसतात; अनेक पातळ्या स्कॅन कराव्यात तर फाइल तितक्या पटींनी फुगते.

कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्सच्या २०१३ च्या मार्गदर्शनानुसार पडद्यावर निदान सुरू करण्यापूर्वी किमान ६० केसेस काचेवर आणि पडद्यावर, मध्ये दोन आठवडे सोडून, पडताळायच्या असतात. माझ्या मते त्यांतल्या काही केसेस मुद्दाम जुलैतल्या घ्याव्यात, कारण मे महिन्यातल्या कोरड्या, स्वच्छ स्लाइडांवर स्कॅनर नापास होणारच नाही.

तूर्त आम्ही झायलीनच्या आधीचे शेवटचे अल्कोहोल दर दोन दिवसांनी बदलतो आणि नव्या स्लाइडा रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवून मगच पुसून ट्रेमध्ये लावतो.