आमची वाटचाल: सोनाराचं भिंग आणि आमच्या टिपा

गोव्यातल्या डिचोलीत आमचं वर्कशॉप उभं राहिलं ते खाणींच्या जिवावर. ट्रकांच्या पिना, बुश, कधी खनिज वाहणाऱ्या बार्जचा शाफ्ट. एक लेथ, एक मिस्त्री आणि प्रत्येक जॉबला चिकटलेली लाल माती. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि दारातले ट्रक दिसेनासे झाले. त्यावर जास्त लिहीत नाही, डिचोली-सत्तरीत ही गोष्ट घरोघरी आहे.

कर्ज काढून सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीन घेतली, कुंडई-वेर्ण्याच्या कारखान्यांची कामं धरली. ईएन २४ या मिश्र पोलादाचे शाफ्ट. टिपा, म्हणजे पोलाद कापणारे टंगस्टन कार्बाइडचे बदलायचे तुकडे, घेतल्या त्या सोनेरी, कोटिंगच्या, महागड्या. मिस्त्री म्हणाले, "बाब, हळू चालवूया, टिप टिकेल." चालवलं हळू. शाफ्ट खरबरीत निघाले आणि एका गिऱ्हाइकाने अख्खा लॉट परत पाठवला.

बाजारातल्या सोनाराकडून भिंग आणलं. धारेवर पोलादाचा बारीक गोळा डकलेला! वेग कमी पडला की कापलेलं पोलाद धारेलाच चिकटतं, आणि निसटताना कोटिंगचा कपचा घेऊन जातं. ते कोटिंग असतं तरी किती? सगळे थर मिळून दहा-पंधरा मायक्रॉन. वरचा सोनेरी थर टायटॅनियम नायट्राइडचा. उष्णता अडवणारा अ‍ॅल्युमिनाचा थर त्याच्या खाली, तो काळा.

मग वेग वाढवला, तर अति वाढवला. आता धारेमागे खळगा पडू लागला. तापलेली चिप, म्हणजे कापून निघालेली पोलादाची साल, टिपेच्या अंगावरून घासत जाते. अ‍ॅल्युमिना झिजला की आतलं कार्बाइड त्या गरम पोलादात अक्षरशः विरघळतं. दोन्हींच्या मधला वेग सापडेपर्यंत किती टिपा गेल्या, ते घरी सांगितलेलं नाही.

सगळ्यात जास्त छळलं ते मिलिंगने, म्हणजे फिरत्या कटरने कापायच्या कामाने. धारेवर कंगव्याच्या दातांसारख्या उभ्या चिरा. दोष टिपेचा समजून पुरवठादाराशी भांडलोसुद्धा. दोष आमच्या कूलंटचा, म्हणजे धार गार ठेवायला सोडलेल्या पाण्याचा होता: कटर पोलादात शिरला की धार तापते, बाहेर आला की गार पाणी पडतं, मिनिटाला शेकडो वेळा. कूलंट बंद करून नुसती हवा मारली, चिरा थांबल्या. मिस्त्रींना ते अजून पटत नाही, पण नळाला हात लावत नाहीत.

आता धारेखालची घासून झिजलेली पट्टी ०.३ मिलिमीटर रुंद झाली की टिप फिरवून नवा कोपरा घ्यायचा, फिनिश बिघडण्याची वाट बघायची नाही. सगळे कोपरे संपलेल्या टिपा भंगारवाला किलोवर नेतो. टंगस्टनमुळे लोखंडाच्या कितीतरी पट भाव मिळतो, त्यात मुलांच्या चतुर्थीच्या फटाक्यांचा खर्च निघतो.

भिंग मात्र अजून परत केलेलं नाही. सोनाराने दुसरं घेतलं.