कूलरखालची व्हीलचेअर

अपंगांना आणि इतरांना कुठली साधनं लागतात याची आम्ही घरोघरी फिरून पाहणी करतो. आमच्या टॅबवरच्या प्रश्नावलीचा हिशेब सरळ आहे. माणूस अमुक साधन वापरतो का? ‘नाही’ आलं तर पुढचं विचारायचं, हवंय का? तिथेही ‘नाही’ आलं की टॅब त्या साधनाचा नाद सोडतो आणि पुढचं विचारतो. चष्मा, श्रवणयंत्र, कुबड्या, वॉकर, व्हीलचेअर, असं चालत राहतं. डब्ल्यूएचओच्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने ३५ देशांत घरोघरी अशीच विचारपूस झाली होती. त्यानंतर २०२२ साली युनिसेफबरोबर जो अहवाल निघाला त्यातले आकडे मला पाठ आहेत, कारण नव्या पोरांना ट्रेनिंग मीच देते. जगात २५० कोटींहून जास्त लोकांना कुठलं ना कुठलं सहायक साधन लागतं, आणि त्यातल्या जवळजवळ १०० कोटींना ते मिळत नाही. श्रीमंत देशांत गरजूंपैकी ९० टक्क्यांपर्यंत लोकांच्या हाती साधन पोचतं. काही गरीब देशांत हेच प्रमाण ३ टक्के आहे.

मार्च संपत आला होता. नागपुरात या दिवसांत घरोघरी कूलर बाहेर निघतात, मोटर तपासली जाते, नव्या ताट्या बसतात. टेका नाक्यापलीकडच्या त्या वस्तीतही हेच चाललं होतं. एका अंगणात मात्र कूलरला स्टँड नव्हता. त्याच्याखाली व्हीलचेअर होती. दोन्ही हातांवर आडवी फळी, तिच्यावर जुना लोखंडी कूलर सुतळीने आवळलेला, आणि चाकांना ब्रेक. रेक्झिनच्या सीटवर थेंब थेंब पाणी गळत होतं.

“लय कामाची हाये, बाई,” घरच्या काकू म्हणाल्या. “खिडकीतून दारात, दारातून खिडकीत. उचलायची कटकट नाही.”

ती ज्याच्या नावावर मिळाली तो मुलगा आत होता. सेंटरिंगच्या कामावर असताना स्लॅबवरून पडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. आता घरीच मोबाईल दुरुस्त करतो. हातभर लांबीची पाटी, खाली भंगारातून आणलेले चार बेरिंग, वर स्कूटरची ट्यूब. हातांत चपला घालून तो जमिनीला रेटा देतो आणि खोलीभर सर्रकन फिरतो. वेग असा की मीच बाजूला झाले.

“दादा, व्हीलचेअर वापरता का?”

“नाही.”

“हवी आहे का?”

“कायले? हाये न बाहेर.”

टॅब पुढच्या साधनावर गेला. म्हणजे वापर नाही आणि गरजही नाही. आमच्या हिशेबात हा माणूस आणि ज्याला पळता येतं तो त्याचा शेजारी, दोघेही एकाच रकान्यात.

बरोबरच्या फिजिओथेरपिस्टने पिशवीतून टेप काढला. दार २४ इंच, खुर्ची २६. शिवाय दाराला वीतभर उंबरठा, आणि अंगणाबाहेर नालीवर फरशी नाही. साधनवाटपाच्या शिबिरात अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स घेतली, हार घालून फोटो काढला आणि खुर्ची दिली. मापं कोणी घेतली नाहीत. डब्ल्यूएचओने २००८ सालीच लिहून ठेवलंय की व्हीलचेअर देणं हे आठ टप्प्यांचं काम आहे. तपासणी, मापं, अंगाला बसवून पाहणं, वापरायला शिकवणं, पुढची दुरुस्ती, सगळं त्यात येतं. आमच्याकडच्या शिबिरांत बहुतेक वेळा मी नुसतं वाटपच पाहिलंय. या खुर्चीला तर गादीही नव्हती. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला गादी म्हणजे चैन नव्हे. एकाच जागी दाब राहिला की तिथला रक्तपुरवठा अडतो, कातडी आतून मरते आणि त्याला पत्ताही लागत नाही. ट्यूबनेही भागत नाही, कारण तिच्या कडेवर उलट जास्त दाब येतो.

फिजिओथेरपिस्टने त्याला कुशीवर व्हायला सांगितलं. बसायच्या हाडावर रुपयाएवढी जखम निघाली. काकूंना ठाऊक होती, हळद लावून त्या भागवत होत्या. “त्याले दुखतच नाही त म्हटलं जाईन बरी.” त्याच दिवशी मेडिकलची, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलची चिठ्ठी लिहिली, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचं, हे फिजिओने त्याच्याकडून करवून घेतलं.

संध्याकाळी ऑफिसात डेटा सांभाळणाऱ्या सरांशी माझं वाजलं. मी म्हटलं, इथे ‘गरज आहे’ असं लिहू द्या. ते म्हणाले, गरज तो सांगेल ती. उद्या प्रत्येक जण आपापलं मत भरायला लागला, तर दोन वस्त्यांची तुलना कशी करायची? पटत नव्हतं, पण खोडूनही काढता येत नव्हतं. शेवटी त्या मुलाचं उत्तर तसंच राहिलं आणि फॉर्मला एक वेगळी जागा जोडली: घरात साधन आहे का, वापरात नसेल तर का नाही. हे मात्र घरच्यांनी सांगितलेलं नव्हे, आमच्या नजरेला दिसलेलं.

ती जागा झपाट्याने भरली. सेल संपलेली श्रवणयंत्रं डबीतच पडलेली. रबरी बूट झिजल्यामुळे फरशीवर घसरणारी कुबडी. बाप वारल्यावर मुलाच्या नावावर न चढलेली तीनचाकी. पण माप चुकलेली व्हीलचेअर सगळ्यांत महाग, आणि फोटोत सगळ्यांत छान दिसणारी.

त्या मुलाची जखम भरत आली आहे. गादी मिळाली, ती त्याने स्वतःच कापून पाटीवर बसवली. अरुंद खुर्ची मागवून देतो म्हटलं तर तो नाही म्हणाला. त्याला बॅटरीवरची तीनचाकी हवी आहे, चौकात दुकान टाकायला. अर्जाला यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र लागतं, त्याच्याकडे जुनं कागदी प्रमाणपत्र आहे. आता त्याला अपंगत्व तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर न्यायचंय, तर पाटीसकट घेणारा ऑटोवाला शोधतेय. पहिल्या दोघांनी सीट खराब होईल म्हणून नाही सांगितलं.