कोणतं विणकाम बरोबर न्यावं

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की विणणाऱ्या माणसाला एक ठरावीक भूल पडते. आता सलग वेळ मिळणार, तेव्हा वर्षभर पुढे ढकललेलं मोठं काम काढू या: वेण्यांचा स्वेटर, जाळीचा स्टोल, चार रंगांचं काहीतरी. सुट्टी संपते आणि ते काम चार बोटं वाढून परत येतं. ज्या आठवड्यात डोकं वर काढायला फुरसत नव्हती, त्या आठवड्यात मात्र अख्खा मोजा होऊन गेलेला असतो.

याचं खापर आळसावर फोडण्यात अर्थ नाही. विणकामाला सलग वेळ लागतच नाही, त्याला फटी लागतात. शिवणयंत्राला टेबल लागतं, चित्राला मांडामांड लागते. इथे सगळ्यात लहान काम म्हणजे एक टाका, आणि तो एक-दोन सेकंदांत पुरा होतो. ओळीच्या मध्यावर सुया गुंडाळून ठेवल्या तरी काही बिघडत नाही. म्हणून दवाखान्यातला बाक, फोनवर पलीकडचं संगीत ऐकत काढलेली मिनिटं, कुणाच्या तरी पोहण्याच्या वर्गाबाहेरची खुर्ची, या जागी खरं विणकाम होतं. सुट्टीच्या दिवसाला अशा फटी कमी असतात. तो एक तर बघण्यात जातो नाही तर लोळण्यात, आणि लोळताना कोपरं हलवायला जागा नसते.

आरामखुर्ची आणि विणकाम ही जोडी तशी अलीकडचीच म्हणायची. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरच्या बायका पाठीवर पीटच्या, म्हणजे जळणासाठी खणलेल्या दलदलीतल्या मातीच्या, टोपल्या घेऊन मैलोन्‌मैल चालायच्या आणि चालताना विणायच्या. कमरेला चामड्याचा पट्टा, त्यावर घोड्याच्या केसांनी भरलेली, भोकं पाडलेली गादी. उजव्या सुईचं एक टोक त्या भोकात रोवलं की सुई धरायचं काम हाताला उरत नाही. फ्रान्सच्या लांद भागात जमीन दलदलीची, म्हणून तिथले मेंढपाळ उंच काठ्यांवर चढून चालायचे. आणखी एक काठी पाठीमागे टेकवली की बसायची सोय व्हायची, आणि त्या उंचीवरून मेंढ्यांवर लक्ष ठेवत ते मोजे विणायचे. पेरूमधल्या टिटिकाका सरोवरातल्या तकीले बेटावर तर आजही पुरुष टोप्या विणतात, गप्पा मारताना, चढण चढताना. त्या बेटाच्या वस्त्रकलेची युनेस्कोने २००५ साली दखल घेतली. 'विणकाम म्हणजे बसून करायचं बायकांचं काम' असं कुणी ऐकवलं की मला काठ्यांवरचे ते मेंढपाळ आठवतात आणि वाद घालायची गरज उरत नाही.

उन्हाळ्याची खरी अडचण वेळेची नसून घामाची आहे. लोकर तशी बिचारी बदनाम. आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल ती आत घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. पण तळहात घामेजले की धागा बोटावरून सरकत नाही, ओढून घ्यावा लागतो, आणि टाके घट्ट होतात. अशा वेळी बांबूच्या सुया ठेवून गुळगुळीत धातूच्या घ्याव्यात. 'उन्हाळा आहे, सुती धागा घे' हा सल्ला मी अनेकांकडून ऐकला आणि तो अर्धाच खरा आहे. सुती धागा थंड असतो हे कबूल, पण त्याला लवचीकपणा नाही. लोकर सुईबरोबर ताणते आणि परत जागेवर येते. सुताच्या बाबतीत ते सगळं काम मनगटाला करावं लागतं. तासाभरात हात बोलू लागतो. शिवाय सुती कपडा स्वतःच्या वजनाने खाली ओढला जातो, त्यामुळे गुडघ्यापर्यंतचा सदरा हवा नसेल तर लांबी बेताची ठेवावी.

आणि मांडीवर पडणारं वजन. मोठा स्वेटर अर्धा झाला की तो विणायचाही असतो आणि पांघरलेलाही असतो. यावर उपाय जुना आहे: उन्हाळ्यात बाह्या विणाव्यात. बाही लहान, बाही हलकी, आणि पहिली बाही म्हणजे टाक्यांचं माप तपासायचा नमुनाही. दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते तिच्यावरच कळतं, वेगळा चौकोन विणत बसावं लागत नाही. पाठ आणि पोट थंडीची चाहूल लागल्यावर.

आता मुद्द्याचं, बॅगेत काय टाकायचं. जाळीची वीण घरी ठेवावी. तिच्यात धागा पुढे घे, दोन टाके एकत्र विण, असा हिशोब ओळीगणिक चालतो आणि खिडकीबाहेर डोंगर आला की तो चुकतोच. न्यायचीच असेल तर दर काही ओळींनी टाक्यांमधून वेगळ्या रंगाचा धागा ओवून ठेवावा, म्हणजे उसवताना तिथे तरी थांबता येतं. मोजा हा उत्तम सोबती. जोडीला साधारण शंभर ग्रॅम धागा पुरतो, खिशात मावतो, आणि पायाची नळी नुसती गोल गोल चढत जाते. फक्त टाच प्रवासात येऊ देऊ नये. तिथे अर्धेच टाके विणायचे, उलटून परत यायचं, मध्येच वळायचं असतं, आणि नेमकं त्याच वेळी कुणीतरी विचारतं, 'तिकिटं तुमच्याकडे आहेत ना?'

पण प्रवासासाठीच जन्मलेलं काम म्हणजे एलिझाबेथ झिमरमन यांची गोल शाल. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत राहून विणकाम शिकवणाऱ्या या बाईंचं, बारा महिन्यांना एकेक काम नेमून देणारं पुस्तक १९७४ साली आलं. त्यात जुलैच्या वाट्याला ही शाल आहे. तत्त्व शाळेतलं: वर्तुळाची त्रिज्या दुप्पट झाली की परीघही दुप्पट होतो. म्हणून ९ टाक्यांपासून सुरुवात, एक फेरी, की टाके दुप्पट करून १८. मग ३ फेऱ्या आणि ३६, ६ फेऱ्या आणि ७२, १२ फेऱ्या आणि १४४, २४ फेऱ्या आणि २८८. या २८८ टाक्यांवर ४८ फेऱ्या, तेव्हा कुठे ५७६. म्हणजे एका दुपटीपासून पुढच्या दुपटीपर्यंत तेरा हजारांहून जास्त टाके, सगळे सुलट, ना वाढवायचे ना घटवायचे. या टप्प्यावर गाडीत बसलेल्या माणसाचं सुख काही औरच असतं. डोळे बाहेर, कान सोबत्यांकडे, हात आपल्या नादात.

सोबत्यांना मात्र हे पटायला वेळ लागतो. हातात सुया दिसल्या की त्यांना वाटतं, हिचं लक्ष नाही. माझा अनुभव उलटा आहे: हात गुंतलेले असले की मी मध्ये तोंड घालत नाही, त्यामुळे बोलणारा जास्त बोलतो. फोन पाहत बसलेल्यावर कुणी रागावत नाही आणि विणणारीला मात्र 'जरा ते ठेव ना' म्हणतात, हा भेदभाव मला अजून उलगडलेला नाही. २००५ पासून दर जूनमध्ये एक दिवस जगभरचे लोक मुद्दाम बागेत, चौकात, चहाच्या टेबलांवर एकत्र विणायला बसतात. त्यामागे थोडा हाच वैताग असावा.

विणलेल्या वस्तूत आठवणी गुंफल्या जातात असं हळवेपणाने म्हणतात. मला तिथे ताण दिसतो, म्हणजे धाग्याचा. घाईच्या आठवड्यातल्या ओळी आखूड आणि घट्ट, सुट्टीतल्या सैल आणि जरा पसरलेल्या. धुऊन, ताणून, टाचण्या लावून वाळवलं की बराचसा फरक मिटतो. न मिटलेला मलाच ठाऊक असतो आणि मी तो कुणाला दाखवत नाही.

सुट्टीत घरी मुलं येतात आणि 'आम्हालाही' म्हणतात. त्यांच्या हातात सुया देण्याआधी बोटंच द्यावीत. चार बोटांवर धागा आत-बाहेर ओवायचा, वर आणखी एक फेरा, खालचा फास उचलून बोटावरून मागे टाकायचा. पाच मिनिटांत जमतं, आणि मागून दोरी निघू लागते. तिचा उपयोग काय हे एकही मूल विचारत नाही, लांबी किती झाली एवढंच विचारतं. आधी हाताएवढी, मग खोलीएवढी, मग दाराबाहेर जिन्यापर्यंत. मोठी माणसं त्या दोरीला अडखळतात, कुरकुरतात. टाके बंद कसे करायचे हे मला येतं, पण कुणी विचारल्याशिवाय मी ते सांगत नाही.